अठराव्या शतकातली अमेरिकी पुस्तिका हातात आली तर

विक्रेत्याच्या यादीत ‘फिलाडेल्फिया, १७७६’ एवढे शब्द दिसले की घाई होते. आधी ती ओळ शेवटपर्यंत वाचा. ‘फिलाडेल्फियात छापले, लंडनमध्ये जे. अल्मनसाठी पुन्हा छापले’ असा मजकूर असेल तर समोर आहे ती थॉमस पेनच्या, अमेरिकेच्या स्वातंत्र्याची बाजू मांडणाऱ्या ‘कॉमन सेन्स’ या पुस्तिकेची लंडन आवृत्ती. तीही जमवण्यासारखी आहे, पण ती वेगळी वस्तू आहे आणि तिची किंमतही वेगळी. व्यापारावरचे कर, गुलामगिरी आणि स्वातंत्र्य या वादांतल्या पुस्तिकांमध्ये बहुतेक फसगत अशीच होते. शीर्षक तेच, वर्षही तेच, पण छपाई भलतीच. म्हणून या पुस्तिका वाचण्याआधी मोजाव्या लागतात.

मोजायला फार काही लागत नाही. दसपट भिंग, मिलिमीटरची पट्टी, छोटी टॉर्च, मागून उजेड देणारी पातळ एलईडी पाटी, मऊ पेन्सिल आणि वही पुरे. पेन टेबलावर ठेवूच नका. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. पांढरे सुती मोजे नकोत. त्यांत बोटांना कागद कळत नाही आणि कडा फाटतात. पुस्तिका नव्वद अंशांपेक्षा जास्त उघडू नका. दोन्ही बाजूंना फोमचे उतार किंवा घडी केलेले टॉवेल ठेवा.

बांधणी

या पुस्तिका पुठ्ठ्याच्या बांधणीत विकल्या जात नसत. छापून दुमडलेले ताव, म्हणजे फर्मे, एकावर एक ठेवून, कण्यापासून पाच ते दहा मिलिमीटर आत आरपार भोके पाडून, दोऱ्याने टाचत. वर कधी निळसर किंवा करडा कागद असे, कधी तोही नसे. आज अशी मूळ दोऱ्याची, न कापलेल्या कडांची प्रत मिळाली तर ती सर्वांत चांगली, मग ती कितीही मळकी दिसो. नव्या चामड्याची सोनेरी बांधणी पाहून हुरळून जाऊ नका. त्या बांधणीसाठी कडा कापल्या गेल्या असतील. वरच्या कडेला पृष्ठक्रमांक अर्धवट कापला गेला आहे का, ते प्रत्येक पानावर बघा.

बहुतेक प्रती मात्र तिसऱ्याच अवस्थेत सापडतात. त्या काळचे वाचक आठ-दहा पुस्तिका एकत्र करून एक जाड खंड बांधून घेत. पुढे व्यापाऱ्यांनी हे खंड फोडले आणि पुस्तिका सुट्या विकल्या. खूण सोपी आहे: कण्यावर जुन्या सरसाचे पापुद्रे आणि शीर्षकपृष्ठाच्या वरच्या कोपऱ्यात शाईने लिहिलेला आकडा. तो आकडा खंडातला अनुक्रमांक असतो. तो पुसायचा नाही. तशा खंडाची हस्तलिखित अनुक्रमणिका कुठे टिकली असेल तर त्या आकड्यावरून मूळ मालक सापडू शकतो.

कागद आणि घडी

पान मागून उजेडावर धरा. हाताने केलेल्या चिंध्यांच्या कागदात दोन प्रकारच्या रेषा दिसतात: अगदी जवळजवळ असलेल्या बारीक रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या, साधारण अडीच सेंटिमीटर अंतरावरच्या ठळक रेषा. या दुसऱ्या साखळीरेषा. त्या अजिबात नसतील आणि पुस्तिकेवर १७६० किंवा १७७० च्या दशकातले वर्ष असेल, तर सावध व्हा. रेषा नसलेला गुळगुळीत कागद इंग्लंडमध्ये १७५७ मध्ये पुस्तकासाठी वापरला गेला होता, पण तो सर्रास दिसू लागला शतकाच्या अखेरीस. स्वस्त वादाच्या पुस्तिकेला तो कोणी लावत नसे.

साखळीरेषांची दिशा घडी सांगते. ताव तीनदा दुमडून आठ पाने केली (अठपेजी) की रेषा उभ्या येतात आणि जलचिन्ह, म्हणजे उजेडावर दिसणारी कागद करणाऱ्याची खूण, कण्याजवळ वरच्या बाजूला, तुकड्यातुकड्यांत सापडते. ताव दोनदा दुमडून चार पाने केली (चौपेजी) की रेषा आडव्या आणि जलचिन्ह कण्याच्या मध्यावर. इथे एक गाठ आहे. अमेरिकेतले मुद्रक अठपेजी पुस्तिका बहुधा अर्ध्या तावाच्या फर्म्यांत छापत, म्हणजे फर्म्यात पाने चारच. चार पाने मोजून ‘चौपेजी’ लिहू नका. रेषा उभ्या असतील तर ती अठपेजीच. अर्ध्या तावामुळे काही फर्म्यांत जलचिन्ह मुळीच येत नाही, कारण ते तावाच्या एकाच अर्ध्या भागात असते. त्यावरून पाने बदलली असा संशय घ्यायचे कारण नाही.

पाने मोजणे

पृष्ठक्रमांकांवर विसंबू नका. जुळाऱ्याच्या, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याच्या हातून ५६ नंतर पुन्हा ४९ सहज पडत असे. खरा हिशेब फर्म्यांच्या अक्षरांचा. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी एक अक्षर असते: बी, सी, डी, असे पुढे. मुद्रकांची वर्णमाला तेवीस अक्षरांची होती. जे, यू किंवा व्हीपैकी एक, आणि डब्ल्यू त्यांत नसत. आयनंतर थेट के आले म्हणजे फर्मा गहाळ झालेला नाही.

समजा, सुरुवातीला अक्षर नसलेली दोन पाने आहेत (शीर्षकपृष्ठाआधीचे, नुसते नाव छापलेले अर्धशीर्षक आणि मग शीर्षक) आणि मग बी ते एल हे चार-चार पानांचे फर्मे. बी ते एल म्हणजे दहा फर्मे, अकरा नव्हेत. चाळीस पाने अधिक दोन, एकूण ४२ पाने, म्हणजे ८४ पृष्ठे. प्रतीमागे कागद लागला सव्वापाच ताव. दोन माणसांच्या हातयंत्रावर ताशी सुमारे २५० दाब हा ठरलेला हिशेब धरला, तर अशा पुस्तिकेच्या हजार प्रतींना १०,५०० दाब, म्हणजे एका यंत्राचे ४२ तास. ‘कॉमन सेन्स’च्या तीन महिन्यांत १,२०,००० प्रती खपल्या हा पेनचा स्वतःचा दावा. तो यादीत छापलेला दिसला की हा हिशेब आठवावा. अभ्यासकही त्या आकड्याकडे आज संशयानेच पाहतात.

मोजताना प्रत्येक पृष्ठाच्या तळाचा उजवा कोपरा पाहत चला. पुढच्या पृष्ठाचा पहिला शब्द तिथे आगाऊ छापलेला असतो. तो पुढच्या पृष्ठाशी जुळला नाही तर तीन शक्यता: पान गेले आहे, पान उलटसुलट लागले आहे, किंवा जुळाऱ्याची चूक आहे. चूक असेल तर वाक्य तरीही सरळ पुढे जाते. म्हणून वाक्य वाचून बघा.

सगळ्यांत जास्त गहाळ होते ते अर्धशीर्षकाचे पान. लंडनच्या पुस्तिकांवर किंमत बहुधा तिथेच छापलेली असे, एक शिलिंग किंवा दीड शिलिंग. खंड बांधणारा ते बिनकामाचे म्हणून काढून टाकी. दुसरा बळी शेवटच्या पानाचा: शुद्धिपत्र, प्रकाशकाच्या जाहिराती किंवा नुसते कोरे पान. विक्रेत्याने ‘मजकूर पूर्ण’ लिहिले असेल तर त्याचा अर्थ ‘पुस्तिका पूर्ण’ असा घेऊ नका. ते शब्द जाणूनबुजून निवडलेले असतात.

एखादे पान दुसऱ्या प्रतीतून आणून बसवले आहे का, हे कसरीच्या भोकांवरून चटकन कळते. भोक १२व्या पानावर आहे, १४व्यावर आहे आणि १३व्यावर नाही, तर १३वे पान पाहुणे आहे. पाण्याच्या डागाची कडही तशीच पानोपानी हळूहळू सरकत जायला हवी.

आवृत्ती ओळखणे: ‘कॉमन सेन्स’

ही पुस्तिका जानेवारी १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या थर्ड स्ट्रीटवर रॉबर्ट बेलने छापली. लेखकाचे नाव नाही. ‘एका इंग्रजाने लिहिलेली’ हे शब्द बेलच्या दुसऱ्या आवृत्तीच्या शीर्षकपृष्ठावर आले. किंमत दोन शिलिंग. पहिल्या छपाईवर आवृत्तीचा आकडाही नाही, आणि पहिल्या छपाईची पहिली खूण तीच. लवकरच नफ्यावरून पेन आणि बेल यांचे बिनसले. पेनने मजकूर वाढवून तो ब्रॅडफर्ड पितापुत्रांकडे दिला आणि त्यांनी तो निम्म्या किमतीला, एक शिलिंगला विकला. त्या आवृत्तीच्या शीर्षकावर ‘नवी आवृत्ती’, परिशिष्ट आणि क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या लोकांना उद्देशून लिहिलेले निवेदन यांचा उल्लेख आहे, आणि मजकूर एक-तृतीयांशाहून अधिक वाढल्याची टीपही.

बेल गप्प बसला नाही. त्याने ‘कॉमन सेन्समध्ये मोठी भर’ अशा नावाखाली वर्तमानपत्रांतले इतरांचे लेख गोळा करून आपल्या प्रतींना जोडले. म्हणजे बेलच्या नावाची जाडजूड प्रत ‘अधिक पूर्ण’ वाटते, पण त्या जास्तीच्या पानांतले लेखन बहुतेक इतरांचे, पेनचे नाही. बेलच्या आणि ब्रॅडफर्डच्या प्रतींतली पाने एकत्र बांधलेलीही सापडतात. म्हणून प्रत्येक भागाची फर्म्यांची अक्षरे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात का, ते स्वतंत्र नोंदवा.

लंडनच्या अल्मनने राजद्रोहाच्या भीतीने राजावरचे कडक शब्द गाळून तिथे कोऱ्या जागा सोडल्या. ओळीच्या मध्येच पांढरी फट दिसते. काही वाचकांनी त्या जागा शाईने भरून काढल्या. विक्रेता कधी कधी याला ‘पानावर खरडलेले’ म्हणून दोष धरतो. खरे तर अशी प्रत अधिक घेण्याजोगी. भरलेले शब्द मूळ मजकुराशी ताडून पाहा.

दोन प्रती एकाच जुळणीच्या आहेत का, हे ठरवायची सर्वांत खात्रीची युक्ती अशी: फर्म्याचे अक्षर त्याच्या वरच्या ओळीतल्या कोणत्या अक्षरांच्या बरोबर खाली येते ते बघा. समजा, बी हे अक्षर एका प्रतीत वरच्या शब्दाच्या तिसऱ्या अक्षराखाली आहे आणि दुसरीत दोन अक्षरे सोडून. तर खिळे पुन्हा जुळवले आहेत, शीर्षक कितीही सारखे दिसो. चार-पाच फर्म्यांवर हे करा. वसाहतीतल्या छापखान्यांकडे खिळे थोडे; फर्मा छापला की खिळे सोडून पुढच्या फर्म्याला लावत. म्हणून नवी छपाई म्हटले की बहुधा नवी जुळणी.

तुलनेसाठी मोठ्या ग्रंथालयांनी टाकलेली रंगीत छायाचित्रे वापरा. जुन्या मायक्रोफिल्मवरून केलेल्या काळ्या-पांढऱ्या प्रतींत कागदाचा पोत, डाग, शाईची दुरुस्ती काहीच दिसत नाही. नुसता टंकलेला मजकूर तर या कामाला निरुपयोगी.

नावे आणि वर्षे

टोपणनावांनी घोटाळा होतो. ‘पेनसिल्व्हेनियातील शेतकऱ्याची पत्रे’ (पुस्तिकारूपाने फिलाडेल्फिया, १७६८) जॉन डिकिन्सनची. तो व्यवसायाने वकील. १७७४ चा ‘ए. डब्ल्यू. फार्मर’ मात्र राजनिष्ठ पाद्री सॅम्युअल सीबरी. त्याला उत्तर देणारा निनावी लेखक होता तरुण अलेक्झांडर हॅमिल्टन. दोन्ही बाजूंच्या पुस्तिका न्यू यॉर्कच्या जेम्स रिव्हिंग्टननेच छापल्या! तेव्हा मुद्रकाच्या नावावरून पुस्तिकेची बाजू ठरवू नका.

जेफरसनची १७७४ ची पुस्तिका विल्यम्सबर्गमध्ये क्लेमेंटिना रिंड या बाईंच्या छापखान्यात निघाली. वर जेफरसनचे नाव नाही. त्याच वर्षी ती फिलाडेल्फियात आणि लंडनमध्येही पुन्हा छापली गेली, त्यामुळे इथेही गावाचे नाव आधी बघायचे.

वर्ष रोमन आकड्यांत असते आणि एखादे अक्षर पडलेले असू शकते. शिवाय वर्षअखेरीस छापलेल्या पुस्तिकेवर पुढचे वर्ष घालायची पद्धत होती: ऱ्होड आयलंडच्या स्टीफन हॉपकिन्सची वसाहतींच्या हक्कांवरची पुस्तिका डिसेंबर १७६४ मध्ये बाहेर पडली, पण वर १७६५ आहे. १७५२ च्या आधीच्या इंग्रजी तारखांत वर्ष २५ मार्चला बदले, म्हणून जानेवारी ते मार्चच्या तारखा दोनदा तपासा.

गुलामगिरीवरच्या पुस्तिका

सुरुवात करणाऱ्याने खरे तर इथून करावी. राजकीय पुस्तिकांपेक्षा या वाचायला अधिक धारदार आहेत, आणि इंग्लंडमध्ये ज्यांच्या अनेक आवृत्त्या निघाल्या त्या अजून मिळतात. अर्थात अगदी आधीच्या मिळत नाहीत: सॅम्युअल सेवॉलची बॉस्टनला १७०० मध्ये छापलेली ‘द सेलिंग ऑफ जोसेफ’ अवघ्या तीन पृष्ठांची, आणि तिची एकच प्रत ज्ञात आहे, मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत. ती कोणी विकायला काढली तर ते पुनर्मुद्रण समजा.

फिलाडेल्फियाचा क्वेकर शिक्षक अँथनी बेनेझेट याच्या पुस्तिका (१७५९, १७६६, १७७१) हे मधले मोठे दालन. तो स्वतः त्या वाटत असे, इतरांचे उतारे जोडत असे, एका पुस्तिकेला दुसरी लावत असे. ‘अपूर्ण’ वाटणारी बेनेझेटची पुस्तिका कधी कधी मोठ्या जोडकामाचा एक भाग असते. आधी फर्म्यांची अक्षरे, मग निकाल.

१७९१ ची विल्यम फॉक्सची, वेस्ट इंडीजची साखर आणि रम सोडा असे सांगणारी पुस्तिका लंडनमध्ये इतक्यांदा छापली गेली की शीर्षकाची शब्दरचनाही आवृत्त्यांतून बदलली. आवृत्तीचा आकडा असतो. तो आणि शीर्षक दोन्ही शब्दशः उतरवून घ्या. विसावी आवृत्ती स्वस्त मिळते आणि प्रचार किती पसरला हे पहिलीपेक्षा तीच जास्त सांगते.

गुलामांची वाहतूक करणाऱ्या ‘ब्रुक्स’ जहाजाच्या चित्राबाबत विशेष जपा. लंडनच्या जेम्स फिलिप्सने १७८९ मध्ये काढलेल्या मोठ्या पत्रकात जहाजाचे आराखडे, त्यांत रचलेल्या ४८२ मानवाकृती आणि खाली स्तंभांत मजकूर आहे. थॉमस क्लार्कसनच्या १८०८ च्या दोन खंडी इतिहासात हेच चित्र घडीच्या पानावर आले. ते पान कापून ‘१७८९ चे पत्रक’ म्हणून विकले जाते. घड्यांच्या रेषा, एका कडेला कापल्याची खूण आणि खाली मजकुराचे स्तंभ नसणे, एवढ्यावर ते ओळखता येते.

आपल्याकडच्या वाचकांना एका पत्रकाचा शोध घ्यावासा वाटेल. १७७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा चहा अमेरिकेत येणार म्हटल्यावर डिकिन्सनने ‘रस्टिकस’ या नावाने लिहिले आणि बंगालच्या दुष्काळात कंपनीने लाखोंना कसे मरू दिले, याचा दाखला फिलाडेल्फियाच्या लोकांना दिला. एका तावाची अशी पत्रके पुस्तिकांपेक्षाही कमी टिकली; ती मिळण्यापेक्षा ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर वाचण्याची तयारी ठेवा.

पुनर्मुद्रण की मूळ?

टॉर्च पानाला जवळजवळ समांतर धरा. खिळ्यांचा दाब कागदात उमटलेला दिसतो, मागच्या बाजूला उठावही. भिंगाखाली अक्षराच्या कडेला शाई दाबून बाहेर सरकल्याची गडद किनार असते. ऑफसेट छपाई सपाट असते. लेझरच्या अक्षराभोवती पावडरीचे कण दिसतात. मात्र पाने धुऊन दाबली असतील तर मूळ प्रतीतलाही दाब सपाट होतो, तेव्हा एकट्या या खुणेवर निकाल देऊ नका. धुतलेला कागद त्यातला सरस निघून गेल्यामुळे लुळा आणि संशयास्पद पांढरा लागतो.

१८७६ च्या शताब्दीच्या सुमारास पुष्कळ पुनर्मुद्रणे निघाली. लाकडाच्या लगद्याचा कागद कडेने तपकिरी होऊन तुटतो. चिंध्यांचा कागद त्याहून शंभर वर्षे जुना असूनही वाकतो. अतिनील टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चकाकी आणणारी रसायने आहेत, म्हणजे तो विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. एफसारखा दिसणारा लांब एस १८०० पर्यंत बहुतेक गेला होता, पण हुबेहूब पुनर्मुद्रणात तोही असतो.

सूची आणि विक्रेत्याला विचारायचे प्रश्न

१८०० पर्यंतच्या इंग्रजी मुद्रितांसाठी ‘इंग्लिश शॉर्ट टायटल कॅटलॉग’, अमेरिकेत छापलेल्यांसाठी चार्ल्स एव्हान्सची सूची, आणि या वादापुरत्या थॉमस ॲडम्सच्या दोन सूची (अमेरिकी छपाईची १९६५, ब्रिटिश छपाईची १९८०). एव्हान्सने काही नोंदी नुसत्या वर्तमानपत्री जाहिरातींवरून केल्या. त्यांतल्या काही पुस्तिका कधी छापल्याच गेल्या नाहीत. म्हणून एव्हान्स क्रमांक आहे एवढ्यावर थांबू नका.

पैसे पाठवण्याआधी लेखी मागा: फर्म्यांचा पूर्ण हिशेब, पानाची उंची-रुंदी मिलिमीटरमध्ये, अर्धशीर्षक आणि शेवटचे पान आहे का, पान धुतले, चिकटवले किंवा बदलले आहे का, आणि आधीच्या मालकांच्या खुणा. शीर्षकपृष्ठ, शेवटचे पृष्ठ, कणा आणि मागून उजेड दिलेले एक पान यांची छायाचित्रे हवीत. कोणत्या ग्रंथालयाचा शिक्का असेल तर तिथून प्रत रीतसर काढून टाकल्याचा पुरावा मागा. शिक्का खरवडलेला असेल तर व्यवहार सोडून द्या.

जतन

चिंध्यांचा कागद टिकाऊ असतो. आपल्या हवेत त्याला मारते ती ओल. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के चांगली, ६५ च्या वर बुरशी धरते. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात ती महिनोन्‌महिने त्याच्या वर असते. आम्लविरहित कागदाचे पाकीट, त्यावर आम्लविरहित पेटी, पेटीत सिलिका जेल आणि अगदी स्वस्तातला नव्हे, तर जरा बरा आर्द्रतामापक. जेल रंग बदलले की ओव्हनमध्ये सुकवून थंड करूनच परत ठेवा. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेली पुस्तिका आतल्याच ओलीने बुरसटते.

कसर लागल्याची शंका असेल तर पुस्तिका टिश्यूत गुंडाळून हवाबंद पिशवीत, उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये निदान आठवडाभर ठेवा. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा तितका थंड नसतो. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर दव थेट कागदावर बसते.

फाटलेल्या पानाला सेलोटेप नाही, फेव्हिकॉल नाही, आणि लॅमिनेशन तर कधीच नाही. दुरुस्ती करायचीच असेल तर जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, तीही संवर्धकाच्या हातून. खळ पुढे पाण्याने सुटते, म्हणून ती चालते. तांबूस ठिपके तसेच राहू द्या. नाव, दिनांक, खरेदीचा तपशील पुस्तिकेवर न लिहिता पाकिटावर पेन्सिलीने लिहा, आणि पाकिटावर लिहून झाल्यावरच पुस्तिका आत सरकवा.